घाट उद्या चढू

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळची वेळ. लातूर, इंजिनिअरांच्या घराचा हॉल.

हजर: सर. नांदेडच्या पोहण्याच्या तलावावर त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं, आता निवृत्त आहेत. माझे धाकटे दीर, धर्माबादला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. इंजिनिअर, वीज खात्यात नोकरीला, आजचे यजमान. आणि मी. अर्धापूरला माझ्या केळी पिकवायच्या खोल्या आहेत, आणि हवेची टाकी पाठीला लावून समुद्रात डुबकी मारायला जाणाऱ्या आमच्या या लहानशा गटाची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते.

गैरहजर: माझी जोडीदारीण. डुबकीला दोघादोघांनीच जायचं असतं, आणि माझी जोडी तिच्याशी. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, राहते लातुरातच, इंजिनिअरांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. निरोप दिला होता. सासरच्यांनी येऊ दिलं नाही. बैठकीचं कारणही तेच होतं.

सरांनी चहा यायच्या आधीच विषय काढला.

"फेब्रुवारीत पुन्हा जायचं म्हणून राहिलेत सगळे. पण मागच्यासारखं नको. डुबकी मारायची, जेवायचं, गाडीत बसायचं. मुक्काम-बिक्काम काही नाही. अन् कुणाला बारीकसारीक दुखलं-खुपलं तर ते घरापर्यंत न्यायचं नाही. तुम्ही हो म्हणा, व्यवस्था तुमच्याकडंच राहू द्या."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग इंजिनिअर बघतील."

इंजिनिअर वर पंख्याकडे बघत होते. थंडीचे दिवस, पंखा बंद होता.

मी नाही म्हटलं. त्या नाहीचं कारण इथे लिहून ठेवते आहे, कारण त्या हॉलमध्ये मला ते पुरतं सांगू दिलं नाही, आणि नंतर नांदेडपासून धर्माबादपर्यंत जो तो ते आपापल्या सोयीने सांगत सुटला.

आमच्याकडची माणसं समुद्राच्या तळाशी काय करायला जातात, हा प्रश्न मला केळीच्या व्यापाऱ्यांपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. पुण्याच्या एका नातेवाईक बाईंनी तर हसून विचारलं, तुमच्याकडे आधी नळाला पाणी येतं का? मी म्हटलं, येतं की, तुम्ही या एकदा बादली घेऊन. आमच्याकडे विहिरी आहेत. अर्धापूरच्या मळ्यांतल्या विहिरी अशा खोल, की खडा टाकला तर आवाज यायला वेळ लागावा. मी वडिलांच्या हाताखाली तिथेच पोहायला शिकले, पाठीला वाळका भोपळा बांधून. मुलींना विहिरीत सोडत नसत, वडिलांनी सोडलं. लोक बोलले. वडिलांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा सोडलं.

विहिरीवर एक रीत होती. पोहणारे कितीही पट्टीचे असोत, एक जण काठावर कोरडा बसायचा. त्याने पाण्यात उतरायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, डोकी मोजत राहायचं. हे काम कुणालाच नको असायचं. उन्हात बसायचं, दुसऱ्यांचे कपडे सांभाळायचे आणि वर त्यांचं खिदळणं बघायचं. आमच्या मळ्यात वडिलांनी पाळी लावून दिली होती, आणि पाळी चुकवणाऱ्याला पुढच्या वेळी पाणी नाही. वाद नाही, माफी नाही. माणूस जबाबदारीने का वागतो हे मला कुणी विचारलं, तर मी आधी ती पाळी सांगते. कुणाचा स्वभाव सुधारला म्हणून आम्ही काठावर बसत नव्हतो. नाही बसलो तर उद्या पाणी मिळणार नाही, एवढं सरळ होतं ते.

नांदेडच्या तलावावर सरांचा गट जमला तेव्हा मी हीच पाळी तिथे आणली. सर हसले, पण राहू दिली. तलावातच आम्ही टाकी लावायला, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढायला, एकमेकांची नळी तोंडात घ्यायला शिकलो. शिकवायला कोकणातून एक प्रशिक्षक आला होता. मग त्याच्याच ओळखीने आम्ही कोकणात जाऊ लागलो. नांदेडहून माझी गाडी निघायची, लातूरला दोघांना घ्यायची, रात्रभर प्रवास, सकाळी समुद्र.

पहिल्याच खेपेला भाऊजींनी घोळ घातला. भाऊजी म्हणजे माझे दीर. वर आल्यावर त्यांच्या जाकिटाचा खिसा फुगलेला. आत दोन शंख आणि एक जिवंत तारामासा.

"हे काय?"

"पोरीला, वहिनी. रिकाम्या हातानं कसं जावं घरी? एवढ्या लांबून आलो."

"परत सोडा."

"समुद्र काय मोजून राहिला का?"

"मी मोजून राहिले. सोडा."

सोडला, पण तोंड पाडून. आपल्याकडे तिरुपतीहून लाडू येतो, माहूरहून प्रसाद येतो, बहिणीच्या गावाहून निदान चिवडा तरी येतो. कुठूनही हात हलवत परत येणं म्हणजे तिथे आपली किंमत झाली नाही असा अर्थ. हे मला कळत होतं. म्हणून भाषण दिलं नाही. दुसऱ्या डुबकीला सगळ्यांचे खिसे तपासायचं काम भाऊजींकडेच दिलं. तेव्हापासून हा माणूस इतरांची जाकिटं अशी उलटीपालटी करतो की इंजिनिअर एकदा चिडून म्हणाले, "अहो, विमानतळावरसुद्धा एवढं बघत नाहीत." पोरीला त्यांनी बाजारातून काजू नेले.

असे प्रश्न सुटत गेले. शेवाळलेल्या खडकाला हात लावायचा नाही, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, टाकीतली हवा ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरली की मासा कितीही सुंदर असो, वर फिरायचं. सगळे पाळायला लागले, कारण पाण्यात प्रत्येकाला कुणीतरी बघत असतं. खरी परीक्षा पाण्याबाहेर आल्यावर होती, आणि ती आमच्यासारख्यांनाच द्यावी लागते.

ते असं आहे. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला काही वायू अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. त्याला वेळ द्यावा लागतो. त्या वेळात आपण उंचावर गेलो तर बाहेरचा दाब कमी होतो आणि अंगातल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, कधी त्याहून वाईट होतं. म्हणून डुबकीनंतर विमानात बसू नका असं सगळीकडे सांगतात. किनाऱ्यावरच्या माणसाला एवढं पुरे. तो संध्याकाळी चालत घरी जातो. आमचं घर मात्र घाटाच्या वर, पठारावर. डुबकी संपली की आम्ही गाडीत बसतो आणि समुद्रसपाटीवरून थेट डोंगर चढतो. विमानात बसत नाही म्हणून निर्धास्त असतो. ही चूक मालवणचा माणूस करूच शकत नाही, ती नांदेड-लातूरच्या माणसासाठीच राखून ठेवलेली आहे.

मला हे कळलं ते प्रशिक्षकाच्या पुस्तकातून. उंचावरच्या गाडीप्रवासाबद्दल दोन ओळी होत्या. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, हो ताई, खरं म्हणजे तुम्ही लोकांनी रात्र इथेच काढायला हवी. मग आजवर सांगितलं का नाही? तर म्हणाला, तुम्ही लोक कायम घाईत असता.

हेही खरंच. आमच्याकडे प्रवास म्हणजे रात्रीचा. दिवस वाया घालवायचा नाही. मुंबईला जा, हैदराबादला जा, कोकणात जा, रात्रीत निघायचं आणि सकाळी थेट कामावर. मुक्कामाला पैसे घालवणारा माणूस आमच्याकडे एक तर आजारी असतो किंवा नवीन लग्न झालेला.

डिसेंबरच्या त्या रविवारी आम्ही सकाळी दोन डुबक्या मारल्या. पाणी निवळ होतं. माझी जोडीदारीण माझ्या उजव्या हाताला होती, आणि एका खडकाच्या कपारीत ईल मासा तोंड उघडून बसला होता. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वर आल्यावर वळ दिसत होता. होडीत ती हसत सुटली होती. "ताई, तो आपल्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यासारखा दिसत होता." सगळे हसले.

दुपारी जेवणं झाली. माझ्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, टपावर सामान बांधू लागला. मी अंगणात येऊन सांगितलं, सामान उतरवा, आज घाट चढायचा नाही, उद्या सकाळी उशिरा निघू.

एकच गलका झाला.

इंजिनिअर म्हणाले, "उद्या माझी साहेबांबरोबर पाहणी आहे. अशक्य."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी चढलो, त्याच्या आधी चढलो. मेलं का कुणी?"

सरांनी शांतपणे टोपी घातली. "मी आयुष्यभर पोरं पाण्यात सोडली आणि जिती बाहेर काढली. मला आता घाट चढायला शिकवू नका."

"सर, पाण्याचं तुमचं सगळं मान्य. हे पाण्याचं नाहीच, डोंगराचं आहे."

"खामखा भीती घालून राहिल्या तुम्ही."

"गाडी माझी आहे. आज ती घाट चढणार नाही. ज्याला जायचंय त्यानं एसटीनं जावं."

"एसटी काय बोगद्यातून जाते का, वहिनी? ती पण घाटच चढते!" भाऊजी टाळी द्यायला इंजिनिअरांकडे वळले.

मामा टपावरून म्हणाला, "बाई, मी तर पाण्यात गेलोच न्हाई. मी एकटाच जाऊ का वर?"

सगळे हसले. मीही हसले. पण सामान उतरवायला लावलं.

त्या हसण्यात एक माणूस नव्हता. माझी जोडीदारीण ओट्यावर बसली होती आणि डाव्या हाताने उजवा खांदा दाबत होती. मी बघते आहे म्हटल्यावर हात खाली घेतला. जेवताना तिने पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलला होता, तेही मला तेव्हा आठवलं. मी तिला आत खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"खांदा."

"टाकी उचलताना लचकला असंल, ताई."

"मुंग्या येतात?"

ती बोटं चोळत म्हणाली, "थोड्या. बोटांना." आणि लगेच, "कुणाला सांगू नका. तुमच्या पाया पडते. घरी कळलं तर संपलं."

संपलं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. लग्नानंतर तिने पोहण्याचं नाव काढलं तेव्हा घरात महिनोन् महिने अबोला होता. नवरा तिच्या बाजूने होता, पण वडिलांपुढे बोलणारा नव्हता. सासऱ्यांनी शेवटी एका अटीवर हो म्हटलं: काही झालं की बंद. एकदाच. दुसरी संधी नाही. तेव्हापासून ही मुलगी सर्दी झाली तरी लपवायची. सर्दीत डुबकी मारायची नसते, कानाला इजा होते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण सर्दी सांगितली तर घरी प्रश्न येणार, म्हणून गप्प. आम्ही तिला जबाबदार म्हणायचो, कारण ती कधी तक्रार करत नसे. बघा, आमचं मोजमापच उलटं होतं. भाऊजींना साधं डोकं दुखलं तरी ते होडीभर बोंब मारतात आणि बसून राहतात. खरे जबाबदार ते होते.

मी म्हटलं, "तू आत्ता गाडीत बसली असतीस."

"हाव."

"आणि घाटात वाढलं असतं तर?"

"तुम्ही होतात की." असं म्हणून ती रडायला लागली.

मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. तिच्या पाया पडण्याला मी जुमानलं नाही, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. डुबकी केंद्रावर प्राणवायूची टाकी असते. प्रशिक्षकाने लगेच मास्क लावून दिला. डुबकीचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळी चौकशी केली, प्राणवायू चालू ठेवायला सांगितला, किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात तपासून घ्यायला सांगितलं, आणि दोनदा बजावलं, उंचावर न्यायचं नाही. गरज पडली तर किनाऱ्या-किनाऱ्यानेच पुढे, बुडबुडे जिरवायची दाबाची खोली असलेल्या इस्पितळात.

आता पाळी आली घरी कळवायची. उद्या ती प्रयोगशाळेत पोचणार नव्हती.

भाऊजींनी तत्परतेने तोडगा काढला. "क्लच प्लेट गेली म्हणून सांगतो. सोमवारशिवाय मिळत न्हाई. आपला धंदाच हाय, कुणाला शंका येणार न्हाई." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाचवायलाच ते म्हणत होते. सर आणि इंजिनिअर दोघांनीही मान डोलावली. मघाशी मुक्काम नको म्हणून भांडणारे तिघे आता माझ्या गाडीचा क्लच जाळायला एका पायावर तयार होते.

मी नाही म्हटलं. रात्रीतून तिचं वाढलं आणि तिला पुढे न्यावं लागलं, तर तिच्या नवऱ्याला क्लचची गोष्ट सांगणार का? आणि खोटं एकदा खपलं की पुढच्या वेळी दुखणं आलं तर ते आम्हालाही सांगायचं कशाला, क्लच आहेच. मी फोन तिच्या हातात दिला. "मी बोलणार नाही. तूच बोल. पण खरं बोल."

तिने मास्क बाजूला केला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने फक्त विचारलं, श्वास नीट आहे का? मग सासूबाईंनी फोन घेतला. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तिने "हाव, हाव" केलं आणि मास्क पुन्हा लावला.

संध्याकाळपर्यंत मुंग्या गेल्या. खांदा दुसऱ्या दिवशी मोकळा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, फोनवरच्या डॉक्टरांशी बोलले आणि म्हणाले, बुडबुड्यांचा त्रास असावा, पण स्नायू दुखावला नव्हता असंही छातीठोक सांगता येणार नाही. आणखी एक दिवस खाली राहा. आम्ही मंगळवारी घाट चढलो. इंजिनिअरांच्या साहेबांनी त्यांना लेखी खुलासा मागितला.

त्या एका वाक्याने माझा घात केला: छातीठोक सांगता येणार नाही. लातूरला पोचेपर्यंत ते वाक्य "काहीच नव्हतं" झालं होतं. नांदेडला पोचेपर्यंत "बाईंनी उगाच दोन दिवस डांबून ठेवलं" झालं. आणि चार गल्ल्या पलीकडच्या घरात सासऱ्यांनी आपली अट लागू केली. पोहणंसुद्धा बंद.

म्हणून त्या रविवारची बैठक. इंजिनिअरांच्या हॉलमध्ये सर मला तेच समजावत होते.

"तुम्ही क्लच म्हणाला असता तर पोरगी आज इथं बसली असती. तिचं नुकसान तुम्ही केलं."

हे लागलं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. मी उत्तर दिलं, "आज इथं बसली असती आणि फेब्रुवारीत खांदा लपवून गाडीत बसली असती."

"पण तो स्नायू असला तर?"

"असू द्या."

"म्हणजे तुम्ही चुकला असाल तरी तुमचंच खरं?"

"हो. सर, माझ्या केळीच्या खोल्यांत गॅस सोडतात. दार उघडून हवा खेळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा माझा नियम आहे. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत असतो, व्यापारी फोनवर शिव्या देत असतो. आजवर आत कुणाला चक्कर आलेली नाही. दर नवा कामगार मला म्हणतो, बाई, कुणाला काही होत तर नाही, मग कशाला थांबायचं? मी त्याला सिद्ध करून दाखवू शकत नाही. सिद्ध करायचं तर एक माणूस आत पाडावा लागेल. तुम्हाला घाटात असा एक माणूस हवाय का?"

इंजिनिअरांची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "डिसेंबरच्या आधीच्या बारीला तुमचे पण गुडघे दुखत होते की. घरी आल्यावर मलम लावून राहिले होते. तेव्हा सांगितलं का कुणाला?"

इंजिनिअर पुन्हा पंख्याकडे बघू लागले.

भाऊजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "राहू की एक रात. मासे खाऊ. दुकान एक दिवस बंद राहिलं तर धर्माबादचे ट्रॅक्टर काय रडून राहिलेत का?"

मी माझं म्हणणं एकदा नीट मांडलं. डुबकीनंतरची रात्र खालीच. दुखणं झालं तर सांगायचं, घरीही. आणि जो सांगेल त्याला गटातून कुणी हसणार नाही, त्याची पुढची खेप कुणी कापणार नाही. हे मान्य असेल तर गाडी माझी, मामा माझा, धावपळ माझी. नसेल तर इंजिनिअरांनी व्यवस्था बघावी, माझी तक्रार नाही, पण माझी गाडी त्यात नसेल आणि मीही नसेन.

इंजिनिअर म्हणाले, रजा मिळाली तर येतो. ते हो होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. सर उठले. चहा तसाच होता. दारात चपला घालताना म्हणाले, "तुम्ही फार कडक झालात." मी म्हटलं, "तुमच्याच हाताखाली शिकले, सर." ते हसले नाहीत. तेव्हापासून तलावावर येतात, पोहतात, माझ्याशी पाण्याच्या तापमानाबद्दल बोलतात, बाकी काही नाही.

मी तिथून चालत माझ्या जोडीदारणीच्या घरी गेले. ती प्रयोगशाळेत होती, बैठकीला सोडलं नाही म्हणून रविवारची पाळी घेतलेली. दार सासूबाईंनी उघडलं. बसायला दिलं, पाणी दिलं, चिवडा पुढे केला. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत पडल्या होत्या.

"तुमचा राग न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी खरं सांगाया लावलं, लई झालं. दुसऱ्यानं लपवलं असतं. पण खरं कळल्यावर मी तिला कशी धाडू, तुमीच सांगा."

"जी दुखतंय म्हणून सांगते तिलाच धाडा. जी सांगत नाही तिची काळजी करा."

"बोलाया तुमी हुशार हाव."

"हुशार नाही. माझी जोडीदारीण आहे ती. पाण्यात माझा जीव तिच्याकडं असतो. मला तीच पाहिजे, दुसरी कुणी नको."

त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "तिकडून आल्यापासून हसत न्हाई लेकरू. सैपाक करती, कामाला जाती, आन् झोपती. मला दिसतंय." चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुमी कडक बोलता, पण तुमचं पोरीवर ध्यान हाय."

"मग काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? अट ह्येंनी घातली. ह्ये शेताकडं गेलेत, हरभरा आलाय. मी सांगून बघीन, पण माझ्या सांगण्यानं हुणार न्हाई. तुमी समोर बसून बोला. पोराला बोलाया जमायचं न्हाई, तुमाला जमंल."

मी निघाले तेव्हा त्यांनी एका पिशवीत हरभऱ्याचे डहाळे भरून दिले. रस्त्यात मी नांदेडच्या आमच्या घरच्या डॉक्टरांना फोन करून तिच्या तपासणीचं विचारलं. पुन्हा डुबकी मारण्याआधी या विषयातल्या तज्ज्ञाकडून ती तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो, आणि तो घेतल्याशिवाय मी तिला पाण्यात उतरू देणार नाही, घरच्यांनी हो म्हटलं तरी. नाव मिळालं, वेळ मिळाली. तिने मला निरोप पाठवला, ताई, मी दाखल्याला येते, घरी सांगूनच येते. तसं तिने केलं. नवरा सोबत आला. दाखला मिळाला. तो तिच्याकडेच आहे.

तिच्या सासऱ्यांना मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी हरभऱ्याचं सांगितलं, दुसऱ्यांदा लग्नाचं, तिसऱ्यांदा फोन उचलून "बघू" म्हणाले आणि ठेवला. फेब्रुवारीची खेप आम्ही पुढे ढकलली आहे. इंजिनिअर म्हणाले, तुम्हा दोघींसाठी सगळ्यांनी कशाला थांबायचं? मी म्हटलं, थांबू नका, जा. कुणी गेलं नाही.

सासऱ्यांना गाठायला त्यांच्या शेतावरच्या घरी जायचं तर लातूरहून सकाळच्या पहिल्या एसटीनेच निघावं लागेल, नाहीतर ते रानात निघून जातात. गाडी घेऊन जाणार नाही. गाडीतून उतरणाऱ्या बाईचं ते ऐकणार नाहीत, असं सासूबाईंनी सांगून ठेवलं आहे. बाकी सगळं तयार आहे. त्यांच्यासमोर बसून बोलायचं तेवढं राहिलं आहे.